तिसरी सही

माझ्या आतोबांसमोर, म्हणजे आत्याच्या यजमानांसमोर, आयुष्यात एकदा तरी इंजिनासारखं घुरघुरून दाखवलेलं नाही असा माणूस आमच्या नात्यात सापडणार नाही. मी स्वतः, वय अठ्ठेचाळीस, पेशानं भूगोलाचा शिक्षक, चिखलीतल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा राहून 'घुर्रर्र टक, घुर्रर्र टक' असा माझ्या स्कूटरचा आवाज काढलेला आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील नेमके तिथंच राहायला होते. दुसऱ्या दिवसापासून नववी ब मध्ये मी फळ्याकडे वळलो की मागून हलकेच 'टक' असं ऐकू यायचं.

कुणी बिघाड घेऊन आलं की आतोबा बॉनेट उघडत नसत. आधी म्हणायचे, "तोंडानं काढून दाखव."

"आतोबा, खाली गाडीच उभी आहे. चालू करतो ना."

"गाडी पळून जात नाही. तुला काय ऐकू आलं ते मला आधी कळू दे. माणूस आवाज कसा काढतो त्यावरून अर्धा बिघाड समजतो, आणि गाडी चालवणारा कसा आहे तेही समजतं."

मग डोळे मिटून ऐकायचे. आत्या स्वयंपाकघरातून म्हणायची, "काढा रे बाबांनो आवाज. तेवढं झालं की पानं घेते."

भोसरीच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गिअरबॉक्स ऐकण्यात गेली. जोडून झालेला गिअरबॉक्स बंद खोलीत फिरवायचा आणि एका माणसानं तो ऐकायचा, असं ते काम. हा माणूस म्हणजे आतोबा. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाच्या मागच्या हाडाला टेकवून टोक लोखंडावर ठेवायचे. त्या मुठीमुळे कानामागं सुपारीएवढा घट्टा पडला होता. लहानपणी आम्ही तो बोटानं दाबून बघायचो आणि ते तोंडानं भोंगा वाजवायचे.

त्या खोलीचा एक नियम होता. तो त्यांनी नोकरीबरोबर सोडला नाही, घरी आणला. ऐकणाऱ्याला खोट वाटली की लगेच गिअरबॉक्स उघडायचा नाही. आधी पाळीच्या निरीक्षकाला बोलवायचं, मग शेजारच्या लाइनवरच्या एका माणसाला. तिघांनीही आवाज आला म्हणून सही केली तरच गिअरबॉक्स बाजूला काढायचा. आतोबा सांगायचे, "एकट्याला आला तर भास, दोघांना आला तर शंका, तिघांना आला तर आवाज."

मी एकदा म्हणालो, "पण तुमच्याएवढा कान दुसऱ्या दोघांना कुठून असणार?"

 त्यावर त्यांनी कारखान्यातल्या एका जोडीदाराची गोष्ट सांगितली. आई वारल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो कामावर आला आणि त्याला एकूण एक गिअरबॉक्समध्ये कण्हल्याचा आवाज यायला लागला. खोटं बोलत नव्हता. शपथेवर सांगत होता. "नियम होता म्हणून लाइन वाचली. त्या माणसाला कुणी वेडा म्हणालं नाही. म्हणाले, दोन सह्या मिळाल्या नाहीत, बस. माणसाच्या डोक्यात आवाज असतातच रे. माझ्याही असतील. म्हणून बाकीची दोन माणसं लागतात."

घरातही तीच पद्धत. एक लांबट वही होती. तीत आवाजाचं नाव, कुठं आला, कुणाकुणाला आला आणि पुढं सह्या. नावं त्यांनीच ठेवलेली. पंख्याचा 'दमेकरी'. लिफ्टचा 'पैंजण'. आत्याच्या मिक्सरमधून कधीतरीच येणारा, कुणी बघायला आलं की थांबणारा आणि ते गेल्यावर पुन्हा सुरू होणारा आवाज, त्याचं नाव 'चुलतसासू'. त्यावर आत्याची सही मोठ्या अक्षरांत होती.

असा हा माणूस निवृत्त झाल्यावर त्यानं आयुष्यातली पहिली नवी कोरी मोटार घेतली. राखाडी रंगाची, पेट्रोलवर चालणारी, टर्बोवाली. पेढे आले, हार आला, चाकाखाली लिंबं झाली. आत्यानं त्याच दिवशी कोल्हापूरच्या बहिणीला फोन करून सांगितलं की आता एसटी नाही, आम्ही आमच्या गाडीनं येणार.

दोन आठवड्यांनी वहीत नवीन नाव आलं. 'साबुदाणा'.

स्टीलच्या डब्यात मूठभर साबुदाणा घालून हलवल्यासारखा आवाज. सपाट रस्त्यावर येत नाही. गाडीत माणसं भरलेली, एसी चालू, वेग कमी आणि समोर चढ असेल तरच येतो, तोही चारदोन सेकंद. आतोबांनी पहिला संशय पेट्रोलवर घेतला. मला समोर बसवून ऑक्टेन समजावून सांगितलं. "ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा संयम. ठिणगी पडेपर्यंत दम धरायचा, मग पेटायचं. संयम कमी असलेलं पेट्रोल नुसत्या दाबानं आणि उष्णतेनं आधीच पेटतं. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून हा दणका. तो साबुदाणा म्हणजे हे दणके."

मी मान डोलवली. मला मान्सूनचे वारे समजतात. बाकीच्या बाबतीत मी फक्त मान डोलवतो.

मग पंपांच्या फेऱ्या सुरू झाल्या. मोशी, भोसरी, चाकण, प्रत्येक पंपावर एकदा टाकी भरायची, नंतर दिघीकडच्या चढावर जाऊन ऐकायचं. एकदा पंपापर्यंत मीही सोबत होतो.

"काका, कितीचं टाकू?"

"ऑक्टेन किती आहे?"

"साधं का भारीतलं?"

"भारीतलं म्हणजे किती?"

"भारीतलं म्हणजे भारीतलं, काका. मागं लाइन बघा की."

भारीतल्या पेट्रोलवर साबुदाणा कमी व्हायचा, जायचा नाही. यानं ते जास्तच अस्वस्थ झाले. "पेट्रोलचा दोष असता तर पूर्ण गेला असता," म्हणाले. "पेट्रोल नुसतं पांघरूण घालतंय. खाली दुसरंच काहीतरी आहे."

सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांना आता सगळे ओळखायला लागले होते. टॅबलेट हातात घेतलेला तिथला माणूस फार नम्र होता, आणि आतोबांना नम्रतेचाच त्रास व्हायचा.

"सर, कॉम्प्युटर लावून बघितला. एकही एरर नाही."

"कॉम्प्युटर चढावर आला होता का?"

"सर, नवीन इंजिनं अशीच असतात. थोडा आवाज हे त्यांचं कॅरॅक्टर आहे. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं..."

"कॅरॅक्टर माणसाला असतं. तुम्ही बसा माझ्या शेजारी. ऐका आणि सही करा."

तो दोनदा बसला. पहिल्यांदा फोन आला म्हणून चढाच्या आधीच उतरला. दुसऱ्यांदा म्हणाला, मला तर सगळं ओके वाटतंय, सर. सोसायटीतले दोघेतिघे बसले आणि सीटची तारीफ करून उतरले. वहीत 'साबुदाणा'पुढं आतोबांची एकट्याची सही, बाकी दोन जागा रिकाम्या.

सात-आठ महिने गेले. गाडी चिखलीपासून दिघीपर्यंत जायची आणि परत यायची. कोल्हापूर राहिलं. खोट असलेली गाडी लांब न्यायची नाही, असं आतोबांचं म्हणणं. आत्याची बहीण फोनवर विचारायची, "अगं, निघालात का?" आणि आत्या म्हणायची, "चढापर्यंत आलोय."

याच सुमारास आत्या त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवून, शिट्टी ऐकू आली की बटण दाबा, अशी तपासणी झाली. बारीक शिट्ट्या आतोबांना ऐकूच आल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं कारखान्यात काढल्यावर असं होतंच, आणि कधी कधी कान स्वतःच आवाज तयार करतो. बस, आत्याला एवढं वाक्य पुरलं.

एका शनिवारी तिचा मला फोन. "उद्या ते तुम्हा नवरा-बायकोला चढावर नेणार आहेत. ऐकायला. तू आवाज आला नाही म्हण."

"आणि आला तर?"

"कुठला येतोय. डॉक्टरांनी सांगितलंय ना, कानातलाच आहे म्हणून. अरे, जेवताना घास हातात धरून बसतात. रात्री झोप नाही. तुम्ही दोघांनी नाही म्हटलं की मान्य करतील, त्यांचाच नियम आहे. मग हा माणूस सुटेल रे एकदाचा."

रविवारी सकाळी निघालो. आतोबा गाडी चालवत होते, मी शेजारी, मागं आत्या आणि माझी बायको. आतोबांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. त्यावर पेन. दिघीच्या अलीकडे त्यांनी एसी लावला, वेग कमी केला, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी चढाला घातली आणि बोलणं थांबवलं. मागं आत्या माझ्या बायकोला जरा मोठ्यानंच लोणच्याची कृती सांगत होती.

आणि तो आला. साबुदाणा. माझ्या पायाच्या पुढं कुठंतरी, बारीक, कोरडा, डबा दोनतीनदा हलवून कुणी खाली ठेवावा तसा. मी नकाशातल्या नद्या दाखवणारा माणूस, मलाही ऐकू आला. आतोबांनी नजर रस्त्यावर ठेवली होती, पण त्यांचं घट्ट्याच्या बाजूचं कानशील माझ्याकडे वळलं होतं.

चढ संपला. त्यांनी गाडी कडेला घेतली, ब्रेक लावला.

"बोला."

बायको म्हणाली, "मला नाही बाई काही आलं." ती खरंच सांगत होती. तिला तेव्हा फक्त मोहरीची डाळ किती घ्यायची ते ऐकू आलं होतं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मागून आत्याचा हात माझ्या सीटवर आला. मी म्हणालो, "नाही बुवा, आतोबा."

"नीट आठव. तोंडानं काढून दाखव, जे काही आलं असेल ते."

"काहीच आलं नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या मांडीवरून वही घेतली, गाडीच्या कागदांतून एक जाड पाकीट काढलं आणि त्याची कड धरून 'साबुदाणा'वर सरळ रेघ मारली. पुढं लिहिलं, 'भास'. खाली तारीख घातली. मग आत्याला म्हणाले, "चल, कोल्हापूरला कधी जायचं ते ठरव."

घरी आल्यावर आत्यानं आम्हाला शिरा केला. मी दोनदा घेतला.

कोल्हापूरला ते गेले. आत्या नंतर सांगत होती की वाटेत चढ आला की ते रेडिओचा आवाज वाढवायचे. चढ संपला की कमी करायचे. जाताना आणि येताना, प्रत्येक चढाला. तिनं पन्हाळ्याला जायचा बेत काढला होता, तो तिनंच रद्द केला.

आम्हाला वाटलं होतं, फक्त साबुदाणा जाईल. पण त्या माणसाचा हिशोब सरळ होता. जो कान एका ठिकाणी आठ महिने खोटं ऐकतो, तो दुसरीकडे खरं कशावरून ऐकत असेल? चिखलीत एका ओळखीच्या माणसाचं छोटं वर्कशॉप होतं. माल पाठवायच्या आधी तो आतोबांना आठवड्यातून दोनदा बेअरिंग ऐकायला बोलवायचा. आतोबांनी जाणं बंद केलं. तो घरी आला.

"काका, तुम्ही नुसते येऊन बसत जा. तुम्ही असलात की पोरं नीट काम करतात."

"कान बाद झालाय, राव."

"कोण म्हणालं?"

"रीतसर झालाय. वहीत आहे."

पुढं पुढं ते साध्या आवाजांबद्दलही विचारायला लागले. ज्या माणसानं भिंतीपलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून शेजारणीला 'वहिनी, डाळ झाली' असं सांगितलं होतं, तो आता स्वतःच्या ओट्यापाशी उभा राहून आत्याला विचारायचा, "ही वाजली का?" दाराची बेल झाली तरी आधी आत्याकडे बघायचे. तिनं मान हलवली तरच उठायचे. कुणी पार्किंगमधून हाक मारून म्हणालं की काका, जरा आवाज ऐकता का, तर हात जोडायचे. आवाज काढून दाखवायला आता आमच्यातलं कुणीही तयार होतं. मी एकदा जेवताना मुद्दाम पंख्याकडे बोट दाखवून म्हणालो, दमेकरी वाढलाय वाटतं. ते म्हणाले, "तुला येत असेल तर असेल," आणि भाताकडे वळले.

आत्या जिन्यात मला गाठून म्हणाली, "ती कटकट परवडली असती रे. आता घरात कुणी राहतच नाही असं वाटतं."

त्यानंतर त्यांनी गाडी मला देऊन टाकली. "तुला शाळेत जायला होईल. मला नको. चालवताना भीती वाटते, मागून कुणी हॉर्न दिला तर कळायचं नाही." मी नको नको म्हणालो, आणि घेतली. नको म्हणण्याची माझी पद्धत अशीच आहे.

माझी शाळा दिघीत. म्हणजे चढ रोजचाच, एसी चालू आणि गाडीत सोबतचे शिक्षकही. शिवाय मी गाडी अशी चालवतो की मागचे सायकलवालेसुद्धा वैतागतात. साबुदाण्याला आणखी काय हवं? तो रोज यायला लागला, महिन्याभरात वाढला, डबा मोठा झाला. मी काय केलं असेल? रेडिओचा आवाज वाढवला. दोन महिने. एका सकाळी शेजारी बसलेले आमचे पर्यवेक्षक म्हणाले, "सर, गाडीत काही खडखडतंय का?" तेव्हा मला शाळेच्या फाटकाशी गाडी बंद करून थोडं बसावं लागलं.

चिखलीतल्या एका मेकॅनिकला मी शेजारी बसवून त्याच चढावर नेलं. काय ऐकायचं ते सांगितलं नाही. अर्ध्या चढावर तो म्हणाला, "सर, हा नॉकिंगचा आवाज कधीपासून आहे?"

"आता आताच," मी म्हणालो.

त्यानं गॅरेजमध्ये आणून इंजिनाच्या पोटाशी हात घातला आणि मला सांगितलं ते असं. इंजिनालाही एक कान असतो, बोटाच्या पेराएवढा सेन्सर, इंजिनाला बोल्टनं आवळलेला. पेट्रोल वेळेआधी पेटलं की तो दणका त्याला ऐकू जातो, आणि मग कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकतो. आमच्या गाडीत तो बोल्ट पहिल्यापासूनच पुरता आवळलेला नव्हता. सेन्सर जागेवर होता, वायर लागलेली होती, त्यामुळे कॉम्प्युटरला सगळं ठीक दिसत होतं. दणका मात्र त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. भारी पेट्रोल घातलं की दणकेच कमी, म्हणून आवाज कमी. मेकॅनिकनं पाना लावून बोल्ट मापात आवळला. चहा यायच्या आत काम झालं. मग म्हणाला, "ज्यानं पहिल्यांदा ऐकला त्याचा कान मानला पाहिजे. सुरुवातीला हा फार बारीक असणार."

मी तसाच आतोबांकडे गेलो. ते खिडकीशी बसले होते, आत्या शेंगा सोलत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सेन्सर, बोल्ट, चढ, मेकॅनिक. म्हणालो, "पेट्रोल पांघरूण घालतंय, खाली दुसरं काहीतरी आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. शब्दन्‌शब्द तेच निघालं."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मेकॅनिकला आला?"

"आला. न सांगता आला."

"एक झाला."

"दुसरा मी. आणि तिसरे तुम्ही. आणा वही, मी सही करतो."

"मला धरू नकोस. मी बाद आहे." मग म्हणाले, "तुला कधी आला?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. सराव चांगला होता. पण त्यांनी कानशील माझ्याकडे वळवलं होतं, त्या रविवारी वळवलं होतं तसंच, आणि मी म्हणालो, "त्याच दिवशी आला होता, आतोबा. मी तुमच्या शेजारी बसलो होतो तेव्हाच."

आत्याचे हात शेंगांमध्ये थांबले. तिनं मान वर केली नाही. "मीच सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली.

आतोबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. गुणाकारात हातचा कुठं राहिला ते शोधणाऱ्या माणसासारखे दिसत होते. म्हणाले, "तेव्हा नाही म्हणालास. आज हो म्हणतोयस. माझ्याकडे बघून तेव्हाही बोललास, आजही माझ्याकडे बघूनच बोलतोयस. यातलं कुठलं धरू?"

"आजचं धरा. आजचं खरं आहे."

"आमच्याकडे एकाच आवाजाला दोनदा दोन सांगणाऱ्याची सही घेत नव्हते. तो माणूस वाईट असायचा असं नाही. पण सही नाही घ्यायची." ते खिडकीकडे वळले. "तुम्हा दोघांना मला बरं वाटावं असं वाटतं, ते कळतं मला. तेव्हाही तेच वाटत होतं."

मी मेकॅनिकला घेऊन येतो म्हणालो. आत्ता चढावर जाऊ म्हणालो, बोल्ट पुन्हा सैल करायला लावतो म्हणालो. ते नुसते ऐकत होते. आत्या उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ चालू राहिला. आतोबांनी मला विचारलं, "नळ चालू आहे का?" मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवला की नाही, मला कळलं नाही.

निघताना ते दारापर्यंत आले.

"गाडी आता बरी आहे ना?"

"एकदम. चढावरसुद्धा काही आवाज येत नाही."

"तुला येत नाही," ते म्हणाले.

ते टोचून बोलले नाहीत, नोंद दुरुस्त करावी तसं म्हणाले, आणि लिफ्ट येईपर्यंत माझ्याबरोबर उभे राहिले.